विसरलेल्या बाटल्या

सोलापूर,
२४ जून

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय करूलालाव बे?" आणि मी नुसतं "काही नाही" म्हणालो. खरं तर त्या वेळी मी एका अनोळखी घराच्या उंबऱ्यावर बसलो होतो, हातात लहान पोराची निळी पाण्याची बाटली घेऊन. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून हे पत्र. शिवाय पुढच्या मे महिन्यात तुमच्या नगरच्या चर्चमधली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली मुलांची बायबल शाळा, तुझ्या गळ्यात पडणार म्हणतोस, तर आमची फजिती आधीच वाचून ठेवलेली बरी.

यंदा आमच्याकडे १० दिवस व्हीबीएस झाली. मुलं ८० च्या घरात. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे तापलेला तवा, तुला काय सांगायचं. म्हणून सकाळी साडेसातला सुरू आणि साडेदहाला सुट्टी. गाणी, गोष्ट, सुवर्णवचन (बायबलमधलं पाठ करायचं वचन), कागदकाम, शेवटी लिंबू सरबत आणि बिस्किटं. समारोपाला आईबाप आले, चर्च गच्च भरलं आणि तिथेच आम्ही माती खाल्ली. "एवढी माणसं आयती आलीत" म्हणून पालकांसाठी खास उपदेश ठेवला. तो पाऊण तास चालला. तान्ही मुलं रडायला लागली, बापमंडळी गाडी बघून येतो म्हणून बाहेर गेली ती गेलीच. पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, त्या ८० पैकी किती आली? ११. त्यातली ७ आमच्या चर्चच्या पंचांचीच नातवंडं.

पंचमंडळीच्या बैठकीत हिशेब मांडला तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, "सरबतावर एवढा खर्च, आणि फळ काय?" दुसरे म्हणाले, "लोक आपल्याला पाळणाघर समजतात. पोरं सोडतात आणि मोकळे होतात." मलाही तेव्हा ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई म्हणाल्या, व्हीबीएस निघालीच मुळी अशी पोरं सांभाळण्यातून. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडणारी पोरं पाहिली आणि चक्क बिअरचा हॉल भाड्यानं घेऊन त्यात बायबल शाळा भरवली. "आपल्याला निदान स्वतःचं छप्पर तरी आहे," बाई म्हणाल्या. यावर कोणी काही बोललं नाही. चहाही आला होता.

चहा झाल्यावर बाईंनी कपाटावरचा खोका खाली काढला. मुलं विसरून गेलेल्या वस्तू. ५ बाटल्या, २ टोप्या, एकच चप्पल (दुसऱ्या पायात काय घालून घरी गेला असेल तो, देव जाणे) आणि पुठ्ठ्याचं एक नोहाचं तारू. बाई मला म्हणाल्या, "हे घरोघर देऊन या. पत्रक न्यायचं नाही, 'रविवारी या' म्हणायचं नाही. फक्त वस्तू द्यायची आणि बसा म्हणाले तर बसायचं." मला वाटलं, हे कसलं काम. तरुण संघातल्या एका पोराला गाडीवर मागे बसवलं आणि निघालो.

पहिलं घर पूर्व भागात. दारातच त्या मुलीची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. आमच्याशी बोलताना हात एकदाही थांबले नाहीत. हजाराचा हिशेब, सकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या, त्यातल्या किती छाट म्हणून बाजूला काढतील याची धास्ती वेगळीच. "पोरगी दिवसभर तुमचीच गाणी म्हणते," म्हणाली, आणि ती हसून बोलली म्हणून मला बरं वाटलं. मग हळूच म्हणाली, "तुमच्यात तेलुगूत काही असतं का? मला मराठी बोलता येतं, पण प्रार्थनेतलं मराठी नाही कळत." अरे, आपण इतकी वर्षं "कृपासन" आणि "पवित्रीकरण" म्हणतोय, ते आपल्याला तरी कुठे कळतं! पण हा प्रश्न पंचमंडळीत कधीच कोणी विचारला नव्हता, कारण ती बाई पंचमंडळीत नव्हती.

दुसरं घर आपल्याच मंडळीतलं निघालं. बाप्तिस्मा झालेलं, लग्न आपल्याच चर्चमध्ये लागलेलं, आता मात्र फक्त नाताळला दिसणारं. मी मनात टोमणा तयार ठेवला होता. तर पोराची आई म्हणाली, "दादा, पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाळी रविवारी सकाळी आली की मी उपासनेला येऊ की बॅरल भरू?" तुला नगरला बसून हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल, पण सोलापुरात घर वारांवर चालत नाही, पाण्याच्या पाळीवर चालतं. आम्ही मात्र साडेनऊची घंटा वाजवून वर विचारतो, लोक का येत नाहीत. टोमणा तसाच गिळला आणि दोन घागरी आत नेऊन ठेवल्या.

तिसऱ्या घरी मात्र कस लागला. भिंतीवर सिद्धरामेश्वरांचा फोटो, खाटेवर आजी. बाटली हातात घेऊन आजीनं सरळ विचारलं, "पोराला बाटवणार काय?" माझी जीभ अडखळली. मग खरं तेच सांगितलं, की आम्ही येशूची गोष्ट सांगतो, लपवून काही सांगत नाही, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय पोराला कुठे नेत नाही. तुम्हाला नको असेल तर उद्यापासून पाठवू नका, आम्ही रागावणार नाही. आजी म्हणाली, "मी येऊन बघते." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

एवढ्यावरून आम्ही तीन-चार गोष्टी बदलल्या. महिन्यातून दोनदा शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्याच एका घरी अर्ध्या तासाची प्रार्थना. कोणाकडे ते पाण्याची पाळी बघून ठरतं. तिथे आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई तेलुगूत गीत म्हणतात, आणि गोष्ट सांगतो ती आमच्या घरच्या मराठीत. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी मुलांना दप्तरासकट बोलावलं, आईबापासमोर एकेका मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. तेव्हा बऱ्याच वर्षांनी बापमंडळी शेवटपर्यंत बसली, कारण त्यांच्याच पोराची पाळी यायची होती. फुकट वह्या वाटाव्यात असं एकानं सुचवलं होतं. मी हट्टानं नको म्हणालो. ज्याची ऐपत नाही त्याला शेजाऱ्यासारखं गुपचूप द्यावं, पण चर्चच्या दारात वाटलं की आजीचा प्रश्न खरा ठरतो. यावरून पंचमंडळीत अजून धुसफूस आहे. असू दे.

आणि ती आजी खरंच आली बरं का. मागच्या बाकावर, पदर डोक्यावरून घेऊन. पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना तिचा डोळा लागला (एकट्या तिचाच नाही). शेवटी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन घेतलं, टाळ वाजायला लागले, तशी ती ताठ बसली. पुढे वाकून बाईंना विचारते, "हे तुमच्यातलं आहे?" टिळक १९१९ साली गेले. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी त्या चालीनं तिला बसायला जागा करून दिली आणि आम्ही मात्र कीबोर्डासाठी वर्गणी गोळा करत होतो. पुन्हा येईल की नाही, ठाऊक नाही. नातवाला मात्र पाठवते.

आता शब्बाथ शाळेत २६-२७ मुलं टिकून आहेत. ८० पैकी हे थोडे की फार, खजिनदारांना विचार. पण त्यातल्या १४ घरांत आम्ही चहा प्यायलोय आणि ते लोक रस्त्यात दिसले की हाक मारतात. एका मुलाचा बाप रिक्षा चालवतो, उपासनेला यायला लाजतो. परवा माईक बिघडला म्हणून त्याला बोलावलं, तर दुरुस्त करून नंतर तिथेच ढोलकी घेऊन बसला. आम्ही त्याला एवढे दिवस नुसतं "या, बसा" म्हणत होतो.

ती निळी बाटली अजून माझ्याकडेच आहे. ज्या घरी मी बसलो होतो ते त्या पोराचं घर नव्हतंच. गल्ली बरोबर, घर चुकलं. चहा मात्र झाला. वर नाव लिहिलंय ते सरबतानं पुसट झालंय. गुरुवारी त्या भागात पाणी येऊन गेलं की संध्याकाळी पुन्हा जाईन.

तू दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या वडिलांची पेटी घेऊन ये, नुसती धूळ खात पडलीय म्हणालास ना. ढोलकीला जोड हवी आहे. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवतो. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाटलीवाला