शाळेसमोरचा कोपरा मोकळा केल्याबद्दल: एका कनिष्ठ अभियंता मॅडमना जाहीर आभारपत्र

माननीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपली बदली होऊन आता चार महिने झाले. आपण जाताना आम्हा दुकानदारांनी शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करण्याचे ठरवले होते, तेव्हा आपण हात जोडून नकार दिलात आणि "काम महापालिकेच्या पथ विभागाचे आणि पोलिसांच्या वाहतूक शाखेचे आहे, माझ्या एकटीचे नाही" एवढेच म्हणालात. त्या शब्दांचा मान राखून या पत्रात मी आपले नाव लिहीत नाही. शाळेचे आणि पेठेचेही लिहीत नाही. परंतु पुण्याच्या एका जुन्या पेठेत, शाळेच्या फाटकासमोरच्या कोपऱ्यावर गेली एकतीस वर्षे वह्या-पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या आणि त्या कोपऱ्यावरचे पार्किंग हटवण्याच्या आपल्या प्रस्तावाला सर्वांत मोठ्या आवाजात विरोध करणाऱ्या माणसाने आभार मानायचे, तर ते बंद पाकिटातून मानणे मला पटत नाही. विरोध चारचौघांत केला होता, म्हणून हे पत्रही चारचौघांसमोर लिहीत आहे.

वाहतूक शाखेचा तो तात्पुरता आदेश वर्तमानपत्रात आला, त्या सकाळी मी तो दुकानात उभ्यानेच दोनदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ अन्वये, अग्निशमन दलाची वाहने, पोलीस वाहने आणि रुग्णवाहिका वगळून, आमच्या कोपऱ्यापासून दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा मीटर 'नो पार्किंग', त्यापुढे सम-विषम तारखांप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूस पार्किंग, हे सर्व प्रायोगिक तत्त्वावर, आणि नागरिकांच्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात मागवलेल्या. त्याच दिवशी दुपारपर्यंत मी बावीस दुकानदारांच्या सह्या गोळा केल्या. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले, तेव्हा एवढा विरोध झाला की पैसे देऊन गाडी लावण्याची योजना पाच रस्त्यांपुरती, तीही प्रयोग म्हणून, आक्रसून घ्यावी लागली होती. ते आम्हा व्यापाऱ्यांच्या चांगले लक्षात होते. जोर लावला की निर्णय मागे सरतो, असा आमचा पक्का समज होता आणि मी त्याच भरवशावर निवेदन लिहिले होते.

निवेदनाला दोन ओळींचे उत्तर येईल, किंवा येणारही नाही, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी आपण स्वतः आलात. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची रीत मी अजून पाळतो. चार वाजता शटर वर केले तेव्हा आपण पायरीशी उभ्या होतात, एका हातात मोजणीची टेप, दुसऱ्या हातात आमच्या निवेदनाची प्रत, आणि बरोबरच्या कर्मचाऱ्याकडे फक्कीची पिशवी. वयाने आपण माझ्या मुलीएवढ्या. आत येऊन बसलात आणि निवेदनातला एकेक मुद्दा मोठ्याने वाचून त्याखाली पेन्सिलीने लिहीत गेलात: मालाचा टेम्पो किती वाजता येतो, किती वेळ थांबतो, शेजारच्या औषधांच्या दुकानात रिक्षाने येणारी वयस्कर माणसे नेमकी कुठे उतरतात, चारचाकीने येणारे गिऱ्हाईक सरासरी किती वेळ थांबते. शेवटच्या प्रश्नाला मी ठामपणे उत्तर दिले की पंधरा-वीस मिनिटे, आणि आमच्या दारापुढची जागा गिऱ्हाइकांसाठीच लागते. आपण वाद घातला नाहीत. माझ्याच दुकानातली शंभर पानी आखीव वही विकत घेऊन, पैसे देऊन, ती माझ्या हाती ठेवलीत आणि तीन दिवस, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, दर अर्ध्या तासाने दारापुढच्या तीस मीटरमध्ये उभ्या असलेल्या चारचाकींच्या क्रमांकांचे फक्त शेवटचे चार आकडे लिहून ठेवायला सांगितलेत.

ती वही आजही माझ्या गल्ल्याखाली आहे. तिसऱ्या दिवशी रात्री मी ती उघडली तेव्हा पानामागून पान त्याच पाच गाड्यांचे क्रमांक खाली उतरत गेलेले दिसले. सहा गाड्यांची जागा; त्यांतल्या पाच दिवसभर हलत नव्हत्या. एक शिकवणी वर्गाच्या चालकांची, एक शेजारच्या कापड दुकानाच्या मालकांची, दोन वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांच्या, आणि कोपऱ्याला लागून उभी असलेली पाचवी माझी. गिऱ्हाइकांच्या नावाने आम्ही जी जागा मागत होतो ती आम्हीच अडवून बसलो होतो. हे मला आपण सांगितले असते तर मी मान्य केले नसते. माझ्याच अक्षरात समोर आले म्हणून मान्य करावे लागले.

त्या पाचव्या गाडीबद्दल मला आज स्पष्ट लिहायचे आहे. आदेश निघण्याच्या आठ महिने आधी दुसरीतला एक मुलगा साडेबारा वाजता शाळा सुटल्यावर माझ्याकडून खोडरबर घेऊन पायरी उतरला, माझी गाडी आणि तिच्यापुढची गाडी यांच्या फटीतून रस्त्यावर गेला आणि वळून येणाऱ्या दुचाकीखाली सापडला. दुचाकीस्वार भरधाव नव्हता. त्याला मुलगा दिसलाच नाही आणि मुलाला दुचाकी दिसली नाही. मी मुलाला उचलून रिक्षात घातले. त्याची डावी मांडी मोडली होती, आणि खोडरबर मुठीत तसाच घट्ट धरलेला होता. तो मुलगा बरा झाला, आता चौथीत आहे आणि दुकानात येतो. तरीसुद्धा आठ महिन्यांनी त्याच जागेवर पार्किंग राहावे म्हणून मी सह्या गोळा केल्या. माझ्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

आपल्याला त्या अपघाताची नोंद ठाऊक होती, कारण आपल्या फाइलमध्ये तिचा कागद मी नंतर पाहिला. तरी माझ्या गाडीचा उल्लेख आपण एकदाही केला नाहीत. आपण एवढेच केलेत की दुकानातले बुटके स्टूल बाहेर कोपऱ्यावर नेऊन ठेवलेत, मला त्यावर बसायला सांगितलेत आणि "काका, इथून वळणावरचा विजेचा खांब दिसतो का?" असे विचारलेत. दिसत नव्हता. गाडीचे दार आणि तिच्या काचेवरची माझ्या दुकानाची जाहिरात, एवढेच दिसत होते. सात वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात, हे आपण सांगितलेत, आणि मग बिलाच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडलात: ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक अंतर कापते, चालकाला दिसणे, कळणे आणि ब्रेक लागून वाहन थांबणे यांसाठी रस्त्याच्या आखणीत त्या वेगाला ३० मीटर अंतर धरतात, आणि ताशी ४० ला ४५ मीटर. कोपऱ्यावर गाडी उभी असली की मूल आणि चालक यांना एकमेकांसाठी उरतात चार-पाच मीटर. गतिरोधक किती घातले तरी हे अंतर वाढत नाही, नजर मोकळी झाली तरच वाढते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

त्यानंतर मी थोडे वाचू लागलो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत पायी चालणारी ३२,८२५ होती, आणि एकूण मृत्यूंपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातले होते. हे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले आहेत. वळणावर, पदपथावर, पादचारी ओलांडणीजवळ, शाळेच्या प्रवेशद्वारापाशी वाहन उभे करू नये, हा रस्त्याच्या नियमांतला जुना भाग आहे, हेही वाचले. म्हणजे ज्या जागेवर आपला हक्क आहे असे समजून मी निवेदन लिहिले, ती जागा आदेशाच्या आधीही पार्किंगची नव्हतीच. फलक नव्हता एवढेच. आपल्याच महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, त्याची मला गंधवार्ता नव्हती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या आणि दिव्यांगांना वापरता येतील अशा पदपथांचा संबंध थेट संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला, ती बातमी मात्र मी कात्री लावून कापून ठेवली.

मॅडम, मला आभार मानायचे आहेत ते आपण बरोबर होतात एवढ्यासाठी नाही. आमची हरकत आपण कामाला लावलीत, यासाठी मानायचे आहेत. अंतिम आदेश आला तेव्हा त्यात सकाळी सात ते नऊ मालवाहू टेम्पोला थांबण्याची मुभा होती, औषधांच्या दुकानापुढे रिक्षा थांबून माणूस उतरण्यापुरती जागा होती, आणि दुचाकींचे पार्किंग कोपऱ्यापासून पुढे सरकवून पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेले होते. हे तिन्ही मुद्दे आमच्या निवेदनातले. आदेश वाहतूक शाखेचा, पट्टे, फलक आणि खांब महापालिकेचे. या दोन्ही ठिकाणी आपण कागद घेऊन किती वेळा गेलात, ते आम्हाला ठाऊक आहे.

खांबांचीही आठवण लिहितो. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून कोपऱ्यावर बसवलेले खांब पहिल्या वेळी एकमेकांच्या फार जवळ बसले आणि मागच्या वाड्यातल्या आजींची चाकाची खुर्ची त्यांतून जाईना. मी फोन केला तेव्हा मनात आले होते की बसवलेले खांब आता कोण हलवणार. तिसऱ्या दिवशी आपण त्या आजींना खुर्चीसह बोलावून घेतलेत, खुर्ची फक्कीच्या दोन रेघांमधून पुढे-मागे चालवून पाहिलीत आणि त्या रेघांवर खांब पुन्हा बसवून घेतलेत. रुंद अंतरातून एखादी दुचाकी अजूनही घुसते, हे खरे आहे. परंतु आजी आता स्वतःच्या हाताने चाक फिरवत कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जातात, आणि या दोन्हींत निवड करायची तर आपण केलीत तीच मी करीन.

फाटकासमोरची उंच ओलांडणी हे शेवटचे काम. तिथे पूर्वी कोणीतरी डांबराचा ओबडधोबड उंचवटा टाकून ठेवला होता, त्यावर रिक्षातल्या माणसाचे डोके टपाला लागे. नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आपल्या शहरात २००६ पासून आहे आणि असे काम त्यातून सुचवता येते, हे आपण पालकांना सांगितलेत. अर्ज कसा भरायचा तेही शाळेच्या वर्गात बसून दाखवलेत. माझ्या दुकानातून त्या अर्जाच्या साठ प्रती निघाल्या, त्यांचे पैसे मी घेतले नाहीत. आता ओलांडणी पदपथाच्या पातळीला आहे, दोन्ही बाजूंचा उतार हलका आहे आणि वाहने आपोआप सावकाश येतात.

साडेबाराला शाळा सुटते तेव्हा मी हल्ली गल्ला सोडून पायरीवर येऊन उभा राहतो. मुले ओलांडणीच्या कडेला येतात, थांबतात, आणि वळणावरून येणारी गाडी त्यांना दिसते. पूर्वी ती दोन गाड्यांच्या मधून डोके बाहेर काढून बघत. थांबलेल्या चालकाकडे पाहून काही लहान मुले हात हलवतात.

धंद्याचेही खरे ते लिहिले पाहिजे, कारण निवेदनात मी त्याचीच भीती घातली होती. पहिले दोन महिने गिऱ्हाईक कमी झाले. उपनगरांतून चारचाकीने येणारी काही जुनी गिऱ्हाइके गेली आणि ती परत आलेली नाहीत. कापड दुकानाला हा फटका माझ्यापेक्षा जास्त बसला. मुलांना घ्यायला येणारे पालक मात्र आता दारात उभे राहू शकतात, म्हणून थांबतात, आणि वही-पेन्सिल घेऊनच जातात. माझा हिशेब जून महिन्यात पूर्वीइतका जुळला. सगळ्यांचा जुळला असे मी म्हणणार नाही.

हे पत्र आजच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या बदलीनंतर कोपऱ्यावरचे खांब काढून पार्किंग पूर्ववत करावे, असे एक निवेदन पेठेत फिरू लागले आहे आणि ते सहीसाठी सर्वांत आधी माझ्याकडे आले. मजकूर ओळखीचा वाटला. बरीच वाक्ये माझ्याच जुन्या निवेदनातली होती. मी सही केली नाही. त्याऐवजी क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत माझे लेखी म्हणणे दिले आहे, त्यासोबत आपल्या वहीतल्या तीन दिवसांच्या पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, आणि पोच घेऊन ठेवली आहे. कापड दुकानाच्या मालकांनीही, थोडा विचार करून, त्याखाली सही केली. आपल्या जागी आलेले साहेब येत्या सोमवारी चार वाजता पाहणीसाठी येणार आहेत. बुटके स्टूल मी पुसून दाराशी ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा मालक