हाजडू-चेनीच्या रुग्णांची मान आधी तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

हाजडू-चेनी सिंड्रोम हा हाडं झिजवणारा आनुवंशिक आजार. १९४८ साली त्याचं पहिलं वर्णन झालं, १९६५ मध्ये चेनी यांनी एकाच कुटुंबातले रुग्ण नोंदवले. वैद्यकीय नियतकालिकांतून जगभरात आजवर शंभराच्या आसपासच रुग्णांची नोंद आहे. त्यांच्या तपासण्या आणि उपचारांसाठी आपण परिपत्रक काढावं, अशी आमची विनंती आहे. इतक्या थोड्यांसाठी परिपत्रक कशाला, असं कुणीही विचारील. पण या रुग्णांचं बरंचसं नुकसान टाळता येतं, आणि त्यासाठी लागतो तो तपासण्यांचा ठरलेला क्रम.

सगळ्यात मोठा धोका मानेत आहे. कवटीचा तळ मऊ पडून खाली बसतो आणि मानेच्या मणक्याचं टोक कवटीत वर सरकतं. तिथेच मेंदूचा देठ असतो. शिंकताना किंवा खोकताना डोक्याच्या मागे उठणारी कळ, हाताला मुंग्या, तोल जाणं, गिळताना ठसका ही त्याची लक्षणं. काहींना बराच काळ काहीच जाणवत नाही. याच रुग्णांचे दात ऐन तारुण्यात हलू लागतात, म्हणून ते दंतवैद्याकडे जातात. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला मान मागे वाकवली, तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. खालचा जबडा लहान असल्याने नळी घालणंही अवघड असतं. म्हणून निदान झाल्याबरोबर कवटी आणि मानेच्या सांध्याचा एमआरआय व्हावा. भूल द्यायचीच असेल, तर मान सरळ ठेवून लवचिक दुर्बिणीच्या मदतीने नळी घालावी. ही सूचना असलेलं कार्ड रुग्णाच्या खिशात हवं, कारण अपघातानंतर तो बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.

निदानाची सुरुवात मात्र हाताच्या साध्या एक्स-रेने होते. बोटांच्या शेवटच्या पेरात आडवा पट्टा विरघळलेला दिसतो. बोटं आखूड होत जातात, नखं रुंद होतात. अशी बोटं पाहून कुष्ठरोग किंवा संधिवात असल्याची समजूत होते आणि रुग्ण वर्षानुवर्षं भलतीच औषधं घेतो. बधिरपणा नसताना बोटांची टोकं झिजत असतील, तर कवटीचाही एक्स-रे काढावा. सांध्यांच्या रेषेत जास्तीची छोटी हाडं आणि मोठ्या वयातही न जुळलेले सांधे दिसले, की शंका बळावते.

पुढची पायरी जनुकाची. २०११ मध्ये नॉच-२ या जनुकातला दोष सापडला. तो शेवटच्या, म्हणजे ३४व्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या तुकड्यात) असतो, त्यामुळे संशय पक्का असेल तर तेवढाच भाग वाचून भागतं. इथे प्रयोगशाळा एका ठिकाणी फसू शकतात. प्रथिन अर्धवट तुटलं म्हणजे ते निकामी झालं, असा सर्वसाधारण नियम आहे. या आजारात तुटतं ते फक्त शेपूट. प्रथिन मोडीत काढण्याची खूण त्या शेपटात असते. ती गेल्याने प्रथिन टिकून राहतं, त्याचा संदेश चालूच राहतो आणि हाड खाणाऱ्या पेशी वाढतात. हा फरक न कळल्यास अहवालाचा अर्थ उलटा लागतो. आई-वडील निरोगी आहेत म्हणून आजार नाकारणंही चूक, कारण अनेकदा दोष नव्याने उद्भवतो. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता मात्र ५० टक्के असते, म्हणून समुपदेशन हवं.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा एकटा पुरेसा नाही. कमी उंचीच्या मुलात घनता आहे त्याहून कमी दिसते, तर दबलेल्या मणक्यात जास्त. सोबत पाठीच्या कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे असलाच पाहिजे.

आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी बिस्फॉस्फोनेट्स किंवा डेनोसुमॅब हाडांची झीज रोखण्यासाठी वापरतात. त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम तपासावं, काढायचे दात आधी काढून जखम भरू द्यावी. नाहीतर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका वाढतो. डेनोसुमॅबबाबत आमचा आग्रह खरेदी विभागाकडे आहे. मोठ्यांना ते ठिसूळ हाडांसाठी दर ६ महिन्यांनी देतात. पुढचा डोस लांबला, की दबलेली झीज उसळून येते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. अशा वेळी मुलांमध्ये रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. निविदा रखडली, साठा संपला, ही कारणं इथे चालणार नाहीत. सलग पुरवठ्याची हमी नसेल तर हे औषध सुरूच करू नये, आणि थांबवायचं असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिडची जोड ठरवून मगच थांबवावं.

मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठींसाठी सोनोग्राफी, हृदयाचा इको आणि श्रवण चाचणीही याच यादीत यावी. मसुदा करताना अस्थिरोगतज्ज्ञांबरोबर भूलतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनाही बैठकीला बोलवा. दात काढायला आलेला रुग्ण आधी त्यांच्यासमोरच बसतो.

आपले,
दुर्मिळ अस्थिविकारांच्या उपचारात काम करणारे आम्ही