पाणी एक, गिऱ्हाइकं दोन

कोल्हापूर,
रविवार

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर ताब्यात, हिचा गुडघा तसाच. बास.

हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. हिच्या माहेरी, खाडीच्या तोंडाशी, एलएनजीचं, म्हणजे जहाजातून येणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचं, टर्मिनल आणायचं घाटतंय. परवा ग्रामसभा होती. शशी आता पंचायत सदस्य आहे (तोच, ज्याच्या वरातीत तू घोड्याला घाबरलास). ‘भावोजी, तुम्ही एन्रॉनच्या वेळी होता, येऊन बोला’ म्हणाला. गेलो.

आपण एन्रॉनच्या वेळी, दाभोळच्या त्या अमेरिकन कंपनीच्या वीज प्रकल्पाविरुद्ध, कसे होतो ते तुला माहीत आहे. एन. डी. पाटील सरांचं भाषण ऐकायचं, बिंदू चौकात घसा फोडायचा, पोलीस गाडी दिसली की तू चहाला. आजही म्हणशील, चहाच होता. 1995 ला ‘प्रकल्प समुद्रात बुडवू’ म्हणत सत्तेवर आलेल्यांनीच पुन्हा करार केला, आणि 2001 ला एन्रॉन आपली आपणच बुडाली. त्यात आपली कर्तबगारी काय, हे मी शशीला सांगितलं नाही.

शाळेचा हॉल भरलेला. एक गट ‘बॉम्ब, बॉम्ब’ करत होता. उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की गॅसचा द्रव होतो, आकारमान सहाशे पटीनं घटतं, म्हणून फुटला की सहाशे पट! म्हटलं, पोरांनो, द्रव तसा पेटत नाही. वाफ हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के मिसळली तरच पेटते. धोका आहे, पण बॉम्ब नव्हे. पोरं फितुराकडं बघावं तशी बघायला लागली. नोकरीवाल्या गटानं टाळ्या दिल्या. मग त्यांना सांगितलं, तिथं टाक्या, पंप आणि द्रवाचा परत गॅस करायची यंत्रणा असते. बांधकाम संपलं की माणसं थोडीच लागतात. त्यांच्याही टाळ्या बंद. सरपंच खिशातला ना हरकत दाखल्याचा मसुदा चाचपत बसलेला.

मग मागून एक म्हातारा तांडेल (होडीचा म्होरक्या) उठला. जहाज बारा महिने येणार का? मी दाभोळच्या एलएनजी टर्मिनलचं सांगितलं: ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरं, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागत नव्हतं. तो म्हणाला, म्हणजे ते पावसाळ्यात बंद, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी म्हणून आम्हीही बंद. उघडीप झाली की त्यांनाही हेच पाणी, आम्हालाही. जहाज आत असताना आमच्या होड्या सोडतील?

नाही सोडणार, बाळ्या. भोवतीचं सुरक्षा क्षेत्र कुठं चुकतंय? आणि बारमाही चालवायला ब्रेकवॉटर बांधलं, तर वाळू खाडीच्या तोंडात बसेल की बाहेर? हेही त्यानंच विचारलं. बॉम्ब आणि नोकऱ्यांत तास गेला होता, खरा प्रश्न या माणसानं दोन मिनिटांत मांडला.

वर मला विचारतो, तुम्ही करता काय? म्हटलं, गोकुळ शिरगावला हीट ट्रीटमेंटचं शेड. भट्टी कशावर? डिझेलवर. पुढं? पाइप गॅसचा अर्ज दिलाय म्हणालो. दाभोळवरनं बंगळुरूला जाणारी लाइन आपल्या बाजूनंच गेलीय, हेही बोलून गेलो. ‘म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक,’ म्हणाला आणि हसला. रागानं नव्हे, तेच जास्त लागलं.

ठराव तहकूब झाला. नुसत्या पंचायतीच्या दाखल्यावर बंदर होत नाही. मेरीटाईम बोर्ड आहे, पर्यावरण मंजुरी आहे, त्याआधी जनसुनावणी. तिथं मांडलेला मुद्दा इतिवृत्तात घ्यावा लागतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. म्हणून शशीला माझ्याकडून लेखी निवेदन हवंय. ही म्हणते, माहेरच्या भांडणात पडू नका. पोरगं म्हणतंय, आधी डिझेलचं बिल बघा. दोघंही बरोबर आहेत, आणि तांडेलही.

चिनूचं ठरलं का? मुलगा नाशिकचाच ना? नव्या घराचा पत्ता कळव, वहिनींना नमस्कार. दाढदुखीचं काय झालं?

निवेदनाचा मसुदा सोबत आहे. पाण्याचा आणि वाळूचा प्रश्न तेवढा ठेवलाय, बाकी भाषण गाळलंय. लाल पेन चालव. सहीखाली माझा धंदा लिहू की नको, ते आधी सांग. जनसुनावणीची तारीख लागायच्या आत सांग, तुझ्या नेहमीच्या वेगानं नको.

तुझा,
दिन्या