हृदय म्हणजे फक्त ब्लॉकेज नव्हे

संपादक महोदय,
स. न.

जागतिक हृदय दिनाची (२९ सप्टेंबर) आपली पुरवणी वाचली. पानभर कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी आणि बायपास. ठोक्यांच्या बिघाडाला शेवटी दोन ओळी. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती मी स्वतःविरुद्धही करते. एकतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. फळ्यावर उजवी बाजू निळ्या खडूने, डावी लाल खडूने, चार कप्पे, झडपा, बाण. पंप शिकवला, वायरिंग कधी शिकवलेच नाही.

अकरा वर्षे मला अधूनमधून धडधड व्हायची. बसल्याजागी बटण दाबल्यासारखी सुरू, तशीच एकदम बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. मग गॅस, टेन्शन, 'वयाचं आहे बाई'. अखेर एकदा शाळेसमोरच्या दवाखान्यात धडधड चालू असतानाच पट्टी निघाली: मिनिटाला १८८ ठोके.

पुढच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मानेत धपधपतं का हो?" धपधपायचे, बेडूक उड्या मारल्यासारखे. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले, की मधली झडप बंद असल्याने रक्त मागे मानेच्या शिरांत उसळते. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते.

त्यांनी उपचाराच्या संमतीपत्राच्या मागे चित्र काढून उजवे अलिंद, म्हणजे हृदयाचा उजवीकडचा वरचा कप्पा, उघडून दाखवले. तळाशी एक त्रिकोण, अंगठ्याच्या नखाएवढा. एका बाजूला उजव्या कप्प्यांमधल्या त्रिदली झडपेचा काठ, दुसऱ्या बाजूला टोडारोचा तंतू, म्हणजे भिंतीतली बारीक दोरी, पायाशी कोरोनरी सायनसचे, म्हणजे हृदयाचेच वापरलेले रक्त परत आणणाऱ्या शिरेचे, तोंड. हा कॉकचा त्रिकोण. मी म्हटले, क्षयाच्या जंतूवाला कॉक ना? नाही, तो रॉबर्ट, हा वॉल्टर. विज्ञानाच्या बाईंची तिथेच विकेट गेली. त्रिकोणाच्या टोकाशी एव्ही नोड असतो, वरून आलेला विजेचा संदेश खाली सोडणारे फाटक. जपानी संशोधक तवारांनी जर्मनीत काम करताना १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले. माझ्या फाटकाकडे येणाऱ्या वाटा दोन, एक जलद आणि एक मंद. अवेळी पडलेला ठोका मंद वाटेने खाली उतरून जलद वाटेने परत वर चढायचा आणि गोल गोल फिरत राहायचा.

जांघेतल्या शिरेतून तारा गेल्या. मी जागीच होते. त्यांनी मुद्दाम धडधड सुरू केली आणि विचारले, "हीच का?" हीच! मग त्रिकोणाच्या पायथ्याशी, मंद वाटेवर, तारेच्या टोकाने चटका. वर सरकून चालत नाही. फाटकच जळले तर पेसमेकर बसवावा लागतो. शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना असे होते, हे त्यांनी सहीआधीच सांगितले होते. चटक्यानंतर पुन्हा धडधड उठवायचा खटाटोप झाला, ती उठली नाही.

घरी आल्यावर शेजारणींचा प्रश्न: "किती स्टेंट टाकले?" एकही नाही. माझ्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या.

पुढच्या पुरवणीत उजव्या अलिंदाचे चित्र छापाच. आणि 'धडधड थांबायच्या आत, जवळ मिळेल तिथे ईसीजी काढा' हे ठळक टाइपात. संमतीपत्रामागचे ते चित्र मी जपून ठेवले आहे, हवे असल्यास झेरॉक्स पाठवते. निळा रंग तेवढा मी भरला आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड