चेलो कोणी वाजवला तेही छापा की

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत 'सैराट'च्या संगीतावर लेख आला होता. वाचला, आवडला. अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करायच्या मोठ्या हॉलमध्ये, ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले, त्याचं वर्णन तर मस्तच आहे, पण तिथे वाजवलं कोणी याबद्दल फक्त 'तिथल्या नामवंत वादकांनी' एवढंच. अहो नामवंत ना, मग एक तरी नाव द्या की!

माझी मुलगी गेली सहा वर्षं चेलो शिकतेय म्हणून मला हे जरा जास्तच टोचतं, हे कबूल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, चार तारांचं वाद्य, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचं, खाली एक टोकदार दांडी फरशीला टेकवलेली, आणि आवाज एखाद्या समजूतदार काकांसारखा. गाण्यात असतो तेव्हा लक्षात येत नाही, काढून टाकला की गाणं पोकळ लागतं. लोकलमध्ये आमची ती पेटी बघून रोज कोणीतरी विचारतंच, आत काय आहे? विमानाने न्यायचा तर त्याच्यासाठी वेगळं तिकीट, खिडकीजवळची सीट त्याला आणि मधली आम्हाला.

तर हॉलिवूडच्या वादकांचा विषय काढलाच आहे तुम्ही, म्हणून एलेनॉर ॲलर या चेलोवादक बाईंबद्दल लिहिते. वडील रशियातून आलेले चेलोवादक, ही वाढली न्यूयॉर्कला, शिकली तिथल्याच ज्युलियार्ड या संगीतशाळेत, आणि १९३९ ला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओ ऑर्केस्ट्रात मुख्य चेलोवादक झाली. त्या काळी अशा खुर्चीवर बाई म्हणजे फारच दुर्मिळ गोष्ट. तेव्हा प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतःचा पगारी ऑर्केस्ट्रा असायचा, सकाळी गेलं की स्टँडवर नोटेशनचे कागद तयार, आधी कधी न पाहिलेले, आणि बघता बघता वाजवायचे, पडद्यावरच्या सीनशी ताल जुळवत. चुकलं की सगळ्यांचा टेक वाया. नवरा फेलिक्स स्लॅटकिन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या ऑर्केस्ट्रात पहिला व्हायोलिनवादक, म्हणजे दिवसभर दोघं दोन स्टुडिओंत आणि उरलेल्या वेळात दोघांचं मिळून हॉलिवूड स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौघांची मंडळी! पहिल्याच वर्षीच्या ग्रॅमींमध्ये या चौघांना बेथोवनच्या रेकॉर्डला बक्षीस मिळालं, आणि फ्रँक सिनात्राच्या एका अख्ख्या रेकॉर्डमध्ये त्याच्या मागे हेच चौघं आहेत. मला तर हे वाचून दमायला झालं. दोन मुलं होती वर, त्यातला लिओनार्ड पुढे मोठा कंडक्टर झाला आणि धाकटा आईसारखाच चेलोवादक.

यातली सगळ्यात गंमत १९४६ ची. 'डिसेप्शन' नावाच्या सिनेमात हिरो चेलोवादक असतो, त्याच्यासाठी संगीतकार कोर्नगोल्डने खास चेलोची रचना केली. हिरो पॉल हेनराइडला चेलो येत नव्हता, म्हणून त्याचे हात पाठीमागे बांधले आणि त्याच्या कोटातून दुसऱ्या वादकांचे हात बाहेर काढून शूटिंग केलं. चेहरा एकाचा, हात दुसऱ्यांचे, आणि आपल्याला ऐकू येतो तो चेलो एलेनॉरचा. त्याच रचनेचा पुढे पूर्ण कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी मोठी रचना) झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर तो स्टेजवर पहिल्यांदा वाजवला तोही तिनेच. निदान तिथे तरी लोकांनी तिला समोर बघितलं म्हणायचं.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? पंचमचे, म्हणजे आर. डी. बर्मनचे, असिस्टंट म्हणून बासू चक्रवर्तींचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, मनोहारी सिंगांबरोबर जोडीने त्यांनी १९७६ ला सिनेमाला संगीतही दिलं, पण हे गृहस्थ मुळात चेलोवादक होते हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या आजूबाजूला व्हायोलिन-चेलो घेऊन बसणारे कितीतरी जण गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. संगीतकार चाल गुणगुणायचा, अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद लिहायचा आणि ही मंडळी ताडदेव नाहीतर महालक्ष्मीच्या स्टुडिओत बसून ते कागद वाजवायची. मग कीबोर्ड आले, ट्रॅक सुटे रेकॉर्ड व्हायला लागले, आणि बोलावणी कमी होत गेली. तिकडे हॉलिवूडमध्ये निदान युनियनचा करार आहे, सिनेमा टीव्हीवर वगैरे विकला गेला की वाजवणाऱ्याला पुढेही थोडे पैसे मिळतात. इथे शिफ्टचे पैसे घेतले की विषय संपला.

मुलगी विचारते, आई शिकून पुढे नोकरी कुठे? मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, पण तिथेही सीझनला बरेच वादक परदेशातून येतात. माझ्याकडे काही उत्तर नाही, मी आपली रियाझाला बस म्हणते.

तुम्हाला विनंती एवढीच, की त्या जुन्या रेकॉर्डिंगांमध्ये वाजवलेले लोक मुंबईत आणि गोव्यात अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. कोणाला तरी पाठवा त्यांच्याकडे, कुठल्या गाण्यात कुठल्या खुर्चीवर कोण होतं ते विचारून घ्या आणि नावासकट छापा. पावसाळ्याआधी जमलं तर बघा.

तुमची एक जुनी वाचक,
ठाणे

ता.क. लेखातल्या फोटोखाली 'चेलो' छापलंय, तो डबल बास आहे, चेलोहून बराच मोठा. वाजवणारा उभा आहे बघा.