‘पुन्हा सांगा’ म्हणायला शिकवणाऱ्या कर्नलकाकांना

ती. कर्नलकाका,
शि. सा. न. वि. वि.

खरं तर वानवडीत येऊन हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही तोंडावर आभार मानू देत नाही. "ते राहू दे, शेवटच्या पानाचं काय केलंस?" असं म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

माझी विज्ञानकथा यंदा दिवाळी अंकात येते आहे. ती ज्या रूपात येते आहे, त्यात तुमचा हात किती आहे हे चार लोकांना कळावं एवढाच हेतू. कथेखाली तुमचं नाव छापायला तुम्ही साफ नकार दिलात, तेव्हा इथेही ते घालत नाही.

बाकीच्यांसाठी कथेची गोष्ट थोडक्यात. ती घडते सेरेसवर. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला हा सगळ्यांत मोठा गोळा, व्यास साधारण ९४० किलोमीटर, आत भरपूर बर्फ. बर्फ म्हणजे पाणी आणि पाण्यापासून श्वासाला हवा, यानांना इंधन. उद्या तिथे खाणी निघाल्या तर खाणींमागून भांडणं येतील आणि भांडणांमागून फौज, हे सुचायला फार प्रतिभा लागत नाही. तिथल्या ठाण्याची प्रमुख एक मेजर आहे. खाणकामगारांचं एक यान कुठल्याच संदेशाला उत्तर न देता सरळ इंधनाच्या साठ्याकडे येतं आहे. पृथ्वीवरून हुकूम येतो: उडवून टाका.

पहिल्या खर्ड्यात यानात लहान मुलं होती. तुम्ही समासात लाल पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतंत, "मुलं का?" मी म्हटलं, वाचकाला पेच जाणवायला नको का? तुम्ही चष्मा काढलात. "अगं, मुलं असताना नाही म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणेल. मुलं काढ. कामगार ठेव. आणि त्यातले चौघे खरोखरच साठा उडवायला निघालेत असं ठेव. मग बघू तुझी मेजर काय करते."

त्या रात्री मला तुमचा राग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. चौघे दोषी आणि बाकीचे नुसते पगारी प्रवासी, असं केल्यावर कथा पुढे सरकेचना. मेजर नाही म्हणाली तर ठाण्यावरची तिची स्वतःची माणसं मरतात. हो म्हणाली तर यानातली मरतात. तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. वर पुढच्या भेटीत विचारलंत, "हिचा टू-आयसी, म्हणजे दुय्यम अधिकारी, कुठे आहे? मेजरनं बटण दाबलं नाही तर दुसरा कुणीतरी दाबेल ना? फौजेत खुर्ची रिकामी राहत नाही." असा जन्मला माझा कॅप्टन. तो दुष्ट नाही, भित्रा नाही आणि त्याच्या बाजूनं विचार केला तर चूकही नाही. वाचलेल्यांपैकी निम्म्यांना मेजरपेक्षा तोच जवळचा वाटला. त्याचं सगळं श्रेय तुमचं.

पण मुख्य गोष्ट घडली ती वानवडीतल्या शिंदे छत्रीकडून परत येताना. मी धीर करून विचारलं होतं, काका, तुम्हाला कधी असा हुकूम आला होता का? तुम्ही थोडं पुढे चालत गेलात. मग म्हणालात, "एकदा. मी म्हटलं, सर, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितला, तेव्हा तो वेगळा होता." कुठे, कधी, कुणी, यातलं काहीही नाही. मीही विचारलं नाही. नंतर तुम्ही जोडलंत, की माणूस हुकूम दुसऱ्यांदा उच्चारतो तेव्हा तो स्वतःच्या कानांनी ऐकतो, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

घरी येऊन मी आकडे मांडले आणि हसूच आलं. पृथ्वी आणि सेरेस यांच्यातलं अंतर सतत बदलतं. त्यामुळे प्रकाशाला, म्हणजे रेडिओ संदेशालाही, एका बाजूनं जायला साधारण १३ ते ३३ मिनिटं लागतात. मी मधला आकडा घेतला, २३ मिनिटं. मेजरनं "पुन्हा सांगा" म्हटलं तर उत्तर यायला कमीत कमी ४६ मिनिटं. यान साठ्यावर आदळायला उरलीत ४० मिनिटं. शिवाय हातात आलेला हुकूम २३ मिनिटं शिळा, आणि ज्या माहितीवर तो दिला गेला ती त्याहून दुप्पट शिळी. तुम्हाला जे हत्यार एका वाक्यात मिळालं होतं, ते माझ्या मेजरच्या हातून निसर्गानंच काढून घेतलं होतं. कथा मला तिथे सापडली. तोवर माझ्याकडे फक्त प्रसंग होता.

ही कल्पना सांगितल्यावर तुम्ही उठून आत गेलात आणि एक जुनी वही घेऊन आलात. त्यात दोन रशियन होते. पहिला वासिली आर्खिपोव. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाजवळचा समुद्र, बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी. वरून अमेरिकन विनाशिका तिला पृष्ठभागावर आणण्यासाठी सरावाचे जलबॉम्ब टाकताहेत, आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. युद्ध सुरू झालंय की नाही हेही माहीत नाही. कप्तान अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो तयार करायला सांगतो. ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ असलेला आर्खिपोव त्याच पाणबुडीवर होता. त्यानं संमती दिली नाही. पाणबुडी वर आली.

दुसरा स्तानिस्लाव पेत्रोव. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. तो पाळीवर आहे आणि उपग्रहांवर बेतलेली सोव्हिएत इशारा-यंत्रणा सांगते आहे की अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी चार. पेत्रोवनं वरिष्ठांना कळवलं, की इशारा खोटा आहे. पुढे निघालं ते असं, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला यंत्रणा फसली होती. आर्खिपोवकडे विचारायला वरिष्ठ नव्हते, पेत्रोवकडे वरिष्ठ होते पण मिनिटं नव्हती. आणि नंतर पेत्रोवला बोलणी बसली ती त्या रात्रीची नोंद नीट ठेवली नाही म्हणून. इथे तुम्ही इतके हसलात की काकू बाहेर येऊन बघून गेल्या. "लॉगबुक! जगातल्या सगळ्या फौजा एकसारख्या!"

मला मात्र तुमचं त्यानंतरचं बोलणं जास्त उपयोगी पडलं. पेत्रोव हुकूम मोडायला बसला नव्हता, तो हिशेब करत होता: इतक्या मोठ्या युद्धाची सुरुवात कुणी पाच क्षेपणास्त्रांनी करेल का? जमिनीवरच्या रडारवर काहीच का दिसत नाही? "त्याला त्याचं यंत्र ठाऊक होतं. तुझ्या मेजरला तिचं रडार ठाऊक आहे का?" नव्हतं, कारण मला नव्हतं. मग तुम्ही दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकवून निवृत्त झालेल्या तुमच्या मित्राला फोन लावलात. त्यांनी दुपारभर बसून मला समजावलं, की इंजिन चालवत येणारं यान आणि नुसतं वाहत येणारं यान अवरक्त दुर्बिणीत कसं वेगळं दिसेल, आणि हल्ला करायला निघालेला चालक शेवटच्या टप्प्यात दिशेत बारीक दुरुस्त्या करत राहील की नाही. मेजरची ती ४० मिनिटं मी या निरीक्षणांनी भरली. आधी त्या जागी तिचं बालपण होतं! त्यांचेही आभार, तुमच्यामार्फत.

कायद्याचं प्रकरण मी टाळणार होते. तुम्ही टाळू दिलं नाहीत. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चा, त्याचं कलम ४१ आज्ञाभंगाचं, शिक्षा १४ वर्षांपर्यंत कैद. पण ते कलम कायदेशीर हुकमापुरतंच आहे, यावर तुम्ही बोट ठेवलंत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांतली तत्त्वं शब्दबद्ध केली. त्यातलं चौथं सांगतं, की वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून कुणी जबाबदारीतून सुटत नाही, मात्र त्याच्यापुढे नैतिक निवड करणं प्रत्यक्षात शक्य असलं पाहिजे. ही अट वाचून मी म्हटलं, मग माझी मेजर सुटेल की. तुमचं उत्तर: "कोर्ट मार्शलसमोर हुकूम बेकायदेशीर होता हे तिला सिद्ध करावं लागेल. आणि यानातले चौघे खरेच बंडखोर निघाले, तर ती काय सिद्ध करणार?" म्हणून कथेत कोर्ट मार्शल आहे, आणि ते दिखाऊ नाही. मूळ आराखड्यात यंत्रानंच शेवटी स्वतःहून मारा करायचा अशी पळवाट होती. तीही तुम्हीच बुजवलीत. यंत्रानं मारलं तर कोर्ट मार्शल कुणाचं, एवढंच विचारून.

गढवालींची गोष्ट कथेत आली नाही, पण ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेशावर, २३ एप्रिल १९३०. हवालदार मेजर चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांच्या जमावावर गोळी चालवायला नकार दिला. किस्सा ख्वानी बाजारात त्या दिवशी गोळीबार व्हायचा तो झालाच. खुर्ची रिकामी राहत नाही, हे तुमचंच म्हणणं. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, सुटायला १९४१ उजाडलं. शाळेत इतपत वाचलं असतं तरी खूप झालं असतं, पण तुम्ही पुढचं सांगितलंत: खुद्द गांधीजींनी या आज्ञाभंगाची पाठराखण केली नव्हती. शपथ घेतलेल्या शिपायाला मी हुकूम मोडायला सांगू शकत नाही, उद्या सत्ता आमच्या हाती आली की हेच शिपाई आम्हालाही लागणार, असा त्यांचा रोख होता. अहिंसेचा उपासक असं म्हणतो आणि आयुष्य फौजेत काढलेले तुम्ही चंद्रसिंगांचं नाव घेताना ताठ बसता. हे कोडं माझ्याच्यानं सुटलेलं नाही.

तुम्ही खडकवासल्याला एनडीएत शिकलात, मग डेहराडूनच्या लष्करी अकादमीत. तिथल्या चेटवुड हॉलमधल्या ओळी तुम्हाला झोपेतही येतात: आधी देशाची सुरक्षितता, मान आणि हित, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचं, आणि तुमचं स्वतःचं सर्वांत शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. मी विचारलं होतं, बंदुकीच्या समोरचा माणूस या यादीत कुठे बसतो? तुम्ही म्हणालात, "त्यासाठी कायदा आहे. आपल्या माणसांसाठी जीव देता येतो, त्याला सक्तीची गरज नसते. समोरच्यासाठी लिहून ठेवावं लागतं." आणि जिनिव्हा करार १९४९, आपला त्यावरचा अधिनियम १९६०, हे मला पाठ करायला लावलंत. उत्तर मला पूर्ण पटलं नाही, तरी ते मी जसंच्या तसं कॅप्टनच्या तोंडी घातलं आहे. रॉयल्टी मागू नका!

आता आपलं भांडण. गीतेचा श्लोक तुम्ही बघताक्षणी खोडलात ("सगळेच घालतात"), ते बरंच झालं. पण विकर्णावरून मी माघार घेणार नाही. भर सभेत द्रौपदीला पणाला लावणं अमान्य आहे असं बोलणारा कौरवांतला तो एकटा. कर्णानं त्याला पोरकट ठरवून गप्प केलं. तरी युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूनं लढला आणि भीमाच्या हातून मेला. तुमच्या मते तो खरा सैनिक: बोलायचं तिथे बोलला, निर्णय झाल्यावर आपल्या माणसांना सोडून गेला नाही. मला युयुत्सू मोठा वाटतो, युद्ध सुरू होण्याआधी उघडपणे बाजू बदलणारा. सभेत एकदा बोलून झाल्यावर मरेपर्यंत त्याच सभेसाठी लढायचं, याला मी निष्ठा म्हणेन, पण सदसद्विवेक म्हणणार नाही. तुमचं म्हणणं, की युयुत्सूसारखे सगळेच वागले तर सैन्य उरणार नाही. असेल. पण विकर्णासारखे सगळे वागले तर सभेत बोलण्याला काय अर्थ उरतो?

माझी मेजर शेवटी काय करते ते इथे लिहीत नाही, लोकांनी अंक विकत घ्यावा. तुम्हाला तो शेवट आवडलेला नाही हेही मला माहीत आहे. न आवडूनही तुम्ही त्याचं व्याकरण तपासून दिलंत, "पलटण" आणि "तुकडी" कुठे चुकलं ते सांगितलंत आणि शेवट बदल असं एकदाही म्हणाला नाहीत. एवढ्या मोठ्या मतभेदानंतर माझी पानं माझ्या मनासारखी मला परत मिळाली, याबद्दल सगळ्यांत जास्त आभार.

अंक आला की घेऊन येते. काकूंना सांगा, चिवडा माझ्याकडून.

तुमची,
वरच्या मजल्यावरच्या जोश्यांकडे शिकवणीला येणारी विज्ञानकथावाली

ता. क. सेरेसवर सॅल्यूट ठोकताना पाय आपटता येईल का, हा तुमचा प्रश्न राहिला होता. तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या तीनेक टक्के. पाय जोरात आपटला तर जवान सावकाश वर जाईल आणि खाली येईपर्यंत साहेब निघून गेलेले असतील. परेडचा प्रसंग मी काढून टाकला आहे.