जुना डिजिटल मिक्सर भंगारात देण्यापूर्वी

माननीय संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातली आरती मंडळे, भजनी पथके आणि साउंडवाले सामान आवरायला काढतात. त्या आवराआवरीत जुने डिजिटल मिक्सर भंगारवाल्याकडे जाऊ लागले आहेत. यामाहाचा 02आर (1995), 01व्ही (1998), 01व्ही96 (2003) ही यंत्रे ‘कॉम्प्युटरला जोडता येत नाहीत’ म्हणून टाकली जातात. हे कारण खरे नाही, आणि त्यापायी त्यातले चांगले माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) वाया जातात याचे वाईट वाटते.

गैरसमज होतो तो यूएसबीमुळे. 01व्ही96 च्या मागचे यूएसबी लॅपटॉपला लावले, आवाज आला नाही, की यंत्र बिघडले असे लोक समजतात. त्या पोर्टातून फक्त मिडी (वाद्ये-यंत्रांना द्यायच्या सूचनांची भाषा) आणि कंट्रोलची माहिती जाते, आवाज जातच नाही. आवाजाचा रस्ता म्हणजे एडॅट ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावरून आवाज पाठवणारी जोडणी. एका टॉसलिंक (ऑप्टिकल) केबलमधून 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झवर 24 बिटांचे 8 चॅनल जातात. 01व्ही96 मध्ये हे पोर्ट आधीच आहे. 01व्ही असेल तर मागच्या स्लॉटमध्ये एमवाय8-एटी कार्ड बसवावे लागते, 02आरला जुन्या मापाचे सीडी8-एटी. ही दोन कार्डे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सेकंडहँड घेताना हे आधी बघा.

लॅपटॉपच्या बाजूला एडॅट असलेला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर करणारे यंत्र) हवा. काही स्वस्त इंटरफेसवर ऑप्टिकल इनपुट असते पण आउटपुट नसते. त्यावर रेकॉर्डिंग होईल, पण लॅपटॉपमधला आवाज त्या मार्गाने मिक्सरवर परत येणार नाही. शिवाय तेच चौकोनी पोर्ट बऱ्याचदा एडॅट किंवा दोन चॅनलचे एसपीडीआयएफ (दुसरी एक डिजिटल पद्धत) यांपैकी एकच काम करते, तेव्हा इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये एडॅट निवडलेले आहे याची खात्री करा. केबल 5 मीटरच्या आतली घ्या, टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढा, केबल करकचून वळवू नका. मिक्सरच्या आउटपुटला लावलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. आउटपुट इनपुटला आणि इनपुट आउटपुटला, म्हणून केबल दोन लागतात.

सगळ्यात जास्त घोळ क्लॉकचा, म्हणजे डिजिटल आवाज मोजण्याच्या ठोक्याचा, होतो. दोन्ही यंत्रांपैकी एकानेच ताल धरायचा. मिक्सर ‘इंटरनल’ वर ठेवा आणि इंटरफेसचा क्लॉक सोर्स ‘एडॅट’ करा. दोन्ही ‘इंटरनल’ राहिले तर आवाज येतो, पण दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा खटका ऐकू येतो, आणि लोक माइक, वायर बदलत बसतात. 48 वर रेकॉर्ड केलेली फाइल 44.1 ची समजून वाजली तर गाणे जवळजवळ दीड सेमीटोन खाली आणि संथ होते. म्हणून लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टचा सॅम्पल रेटही (44.1 की 48) मिक्सरचाच ठेवायचा. क्लॉक ऑप्टिकलमधूनच जातो, त्यामुळे दोनच यंत्रे असताना क्लॉकची वेगळी बीएनसी केबल लागत नाही. लावायचीच असेल तर ती 75 ओहमची हवी.

मग राउटिंग, म्हणजे कुठला आवाज कुठे पाठवायचा ते. चॅनल 1 ते 8 चे डायरेक्ट आउट एडॅट आउट 1 ते 8 ला पॅच करा आणि ते प्री-ईक्यू (ईक्यू आणि फेडरच्या आधीचे) ठेवा, म्हणजे हेडफोनसाठी फेडर हलवला तरी रेकॉर्डिंगची पातळी बदलत नाही. लॅपटॉपचा स्टिरिओ मिक्सरच्या दोन मोकळ्या चॅनलवर परत घ्या. सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच परत ऐकवणे) बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक आवाज दोनदा, किंचित अंतराने ऐकू येतो. गायकाने मिक्सरमधूनच स्वतःला ऐकले तर उशीर जवळपास नसतो, आणि लॅपटॉपचा बफर (आवाज थोडा साठवून हाताळण्याची मर्यादा) 512 वर ठेवता येतो.

आठ चॅनल घुमट (एका बाजूला चामडे, दुसरीकडे उघडे तोंड असलेले मातीचे वाद्य) आरतीला बरोबर पुरतात. दोन घुमटांना दोन-दोन माइक, शामेळ (तालवाद्य), कासाळे (झांजा), मुख्य गायक आणि कोरस. घुमटाचा एक माइक चामड्यासमोर आणि एक उघड्या तोंडाशी लावला की त्यांपैकी एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) मिक्सरवर उलटी करावी. चामडे आत दबले की बाहेरची हवा विरळ होते आणि आतली दाटते, म्हणून दोन्ही माइक सरळ मिसळले तर घुमटाचा खर्ज गळतो. बटण दाबून दोन्ही स्थिती ऐका, भरदार वाटेल ती ठेवा. तासाभराच्या आठ चॅनलना 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर सुमारे 4 जीबी जागा लागते.

परदेशातून आणलेल्या मिक्सरची मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानी यंत्र 100 व्होल्टचे असते, अमेरिकन 120 चे. त्याला स्टॅबिलायझर नव्हे, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पाटीवरच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा. अर्थिंगची पिन कापून हमिंग घालवणे धोक्याचे आहे. ऑप्टिकल केबलमध्ये तांबे नसल्याने लॅपटॉपकडून मिक्सरपर्यंत त्या वाटेने ग्राउंड लूप होतच नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा आणि खाऱ्या हवेचा मार फेडरना बसतो. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आठवड्यातून तासभर चालू ठेवा. फेडरवर डब्ल्यूडी-40 मारू नका, फेडरसाठीचाच क्लीनर वापरा. स्क्रीनवर ‘लो बॅटरी’ दिसू लागले की आतला 3 व्होल्टचा लिथियम सेल संपत आलेला असतो. तो पुष्कळ यंत्रांत सोल्डर केलेला असतो. काढण्यापूर्वी मिडीने बल्क डंप करून (सगळी माहिती एकदम पाठवून) सीन, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज, लॅपटॉपवर उतरवून घ्या. नाहीतर सेल काढताच ते पुसले जातील.

कला अकादमीने चवथीआधी मंडळांसाठी या विषयावर एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, ही विनंती. आणि ज्या मंडळांनी मिक्सर विकायचेच ठरवले असेल, त्यांनी स्लॉटमधले कार्ड वेगळे काढून घेऊ नये. ते सोबत असेल तर यंत्र घेणाऱ्याच्या खोलीत त्याच दिवशी चालू होते.

आपला,
एक ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, फोंडा